मढच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातला एक पावसाळी दिवस

सकाळी आठ. माळशेजकडून आलेलं धुकं अजून कल्याण-नगर रस्त्यावर रेंगाळत असतं. शटर वर केलं की आधी हत्यारांच्या कपाटातला पिवळा बल्ब लावतो. मढच्या पावसाळ्यात बोर्डावर हिरवट बुरशी चढायला एक रात्रही पुरते.

नऊला भिजलेले फोन यायला लागतात. काही घाटातल्या धबधब्याखालचे, काही भातलावणीत कमरेला खोचलेले. बहुतेक जण फोन रात्रभर तांदळाच्या डब्यात ठेवूनच आणतात. तांदूळ आपल्याकडे मुबलक, पण धातूच्या झाकणाखाली शिरलेलं पाणी तो ओढत नाही. बॅटरी जोडलेली असली तर त्याच ओलाव्यातून करंट वाहतो आणि तांब्याच्या रेषा खातो. म्हणून फोन भिजला की लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका. मी आधी बॅटरीची पट्टी सोडवतो, झाकण उचलतो, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने बोर्ड धुतो. मेलेल्या फोनवर कंपनीचा लोगो उमटला की मला आजही आनंद होतो.

बारा ते एक डिस्प्ले, चार्जिंग पिन, टफन ग्लास. यावर लिहिण्यासारखं काही नाही.

दुपारी दोनला रस्ता सामसूम होतो आणि मी माझा खरा खजिना बाहेर काढतो: डबा टीव्ही, पिवळ्या कॅसेटी आणि बंदूक. नव्वदच्या दशकात गावोगाव जो ‘टीव्ही गेम’ आला, तो जपानच्या निन्टेन्डोने १९८३ साली काढलेल्या फॅमिकॉमची नक्कल. कॅसेट चालेना की आपण फुंकर मारायचो. त्या फुंकरीची वाफ कॅसेटच्या धातूच्या दातांवर बसते. खोडरबर आणि दोन थेंब अल्कोहोल हाच खरा उपाय.

लोक विचारतात, हा अवजड टीव्ही भंगारात का देत नाहीस? ‘डक हंट’ या बदकं टिपायच्या खेळासाठी. बंदूक गोळी सोडत नाही, ती प्रकाश बघते. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो. नळीतल्या डोळ्याला तो उजेड दिसला तर नेम लागला. डबा टीव्हीवर चित्र त्याच क्षणी उमटतं. चपट्या टीव्हीवर ते काही मिलिसेकंद उशिरा येतं, तोवर बंदुकीने अंधार पाहिलेला असतो. इतक्या थोड्या सामानात एवढी युक्ती बसवणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो.

साडेचारला शाळा सुटते. पोरं दप्तरासकट काउंटरवर. ‘दादा, पिंग किती?’ हा पहिला प्रश्न. पबजीवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, २०२१ मध्ये त्याचाच भारतीय अवतार बीजीएमआय आला, आणि तेव्हापासून इथली भांडणं जायरो, फ्रेम रेट आणि फोन तापण्याची. फोन तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो, हे सांगून मी त्यांच्या जाड कव्हरांना रजा देतो. मग एकाला मल्टिमीटर धरायला लावतो. खेळणाऱ्याने एकदा तरी यंत्र उघडून पाहावं, असं माझं ठाम मत आहे. दर फेब्रुवारीत, विज्ञान दिनाला, खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला चला म्हणतो: पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना, आणि फोन मात्र बंद ठेवायचा, कारण आपल्या फोनची कुजबुज आकाशातून येणाऱ्या नाजूक रेडिओ लहरींच्या आड येते.

आठला शटर खाली. घरी जाताना फोनवर मोठ्याने गाणी लावतो. बिबट्याला माणूस येतोय हे कळलेलं बरं.

रात्री दहा. जेवण झालं की लॅपटॉपवर ‘राजी’. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला हा खेळ मी पुनःपुन्हा खेळतो, कारण त्यात दुर्गा आणि विष्णू कथा सांगतात आणि भिंतींवर आपली चित्रं आहेत. पुण्यात हे होऊ शकतं, तर आपल्या जुन्नर तालुक्याच्या नकाशावरचा खेळही होऊ शकतो. पोरांनी वहीत सुरुवात केली आहे: नाणेघाटाची चढण पहिली लेव्हल, जकातीच्या रांजणात नाणी, जीवधनचा वानरलिंगी सुळका शेवटची. खिरेश्वरच्या देवळात काय ठेवायचं यावर एकमत होत नाहीये. माझं म्हणणं, तिथे लढाई नको, कोडं हवं.