जुनी वेगवान मोटार : कोणत्या पिढीची घ्यावी ?

गेल्या भाद्रपदांत माझा एक जुना विद्यार्थी घरीं आला. तो नागपुरास नोकरीला असतो आणि शनिवारीं संध्याकाळीं आईवडिलांकडे गिरडास येतो. चहा होईपर्यंत इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, मग म्हणाला, “गुरुजी, ऑक्टेव्हिया आर. एस. घ्यावयाची आहे. जुनीच. २०११ ची एक नागपुरांत आहे आणि २०१७ ची एक पुण्यास. कोणती घेऊं ?” त्याचे वडील कपाशीचे शेतकरी, त्यांनींच त्याला माझ्याकडे धाडलें होतें. मास्तर दोन्हींस ‘नको’ म्हणतील, असा त्यांचा होरा असावा. मुलाची पांच वर्षांची शिल्लक या एका सौद्यांत जाणार होती. आणि ही मोटार दिसावयास सभ्य गृहस्थाची असली तरी तिचें काळीज शर्यतीच्या घोड्याचें. यंत्रांत डोकें घालण्याची मला पहिल्यापासून खोड आहे, म्हणून ‘पाहूं’ म्हणालों.

प्रथम नांवाचा घोळ सोडविला पाहिजे. स्कोडा हा झेक लोकांचा कारखाना. १८९५ सालीं म्लादा बोलेस्लाव या गांवीं लॉरिन नांवाचा यंत्रज्ञ आणि क्लेमेंट नांवाचा पुस्तकविक्रेता यांनीं सायकलींचें दुकान काढलें, त्याचाच हा विस्तार. (पुस्तकें विकणाऱ्यानें मोटारींचा कारखाना उभारावा, याचा आम्हां शिक्षकांस उगीचच अभिमान वाटतो.) ‘ऑक्टेव्हिया’ हें नांव १९५९ सालचें, लॅटिन भाषेंत ‘ऑक्टावा’ म्हणजे आठवी, आपल्या ‘अष्टमी’ची सख्खी बहीण. तेंच नांव १९९६ सालीं एका नव्या गाडीस दिलें गेलें, आणि २००१ पासून ती गाडी औरंगाबादेजवळ, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगराजवळ, शेंद्र्यास जुळविली जाऊं लागली. २००४ सालीं तिचा १५० अश्वशक्तीचा आर. एस. अवतार येथें आला. आर. एस. म्हणजे ‘रॅली स्पोर्ट’. ही पहिली पिढी. ती आतां संग्राहकांनींच सांभाळावी. दुसरी पिढी आली तेव्हां पहिलीचा खप चालूच होता, म्हणून आपल्या देशांत दुसरीस ‘लॉरा’ असें वेगळें नांव ठेवलें. बाहेरच्या जगांत ती ऑक्टेव्हियाच. तेव्हां माझ्या विद्यार्थ्याची २०११ ची गाडी वास्तविक ‘लॉरा आर. एस.’ होती, आणि २०१७ ची ही तिसरी पिढी. २०२० सालीं २४५ अश्वशक्तीची आणखी एक आली, पण तिच्या गाड्या अवघ्या २००. तिचा विचार शेतकऱ्याच्या मुलानें करूं नये.

लॉरा मीं नागपुरास जाऊन पाहिली, आणि खरें सांगावयाचें तर ती मला फार आवडली. एंजिन १.८ लिटरचें, १६० अश्वशक्ति, सहा गियर आणि तेहि हातानें टाकावयाचे. क्लच दाबतांना, गियर बसवितांना यंत्र काय करीत आहे तें पायाला आणि तळहाताला समजतें; अन्वय लागल्यावर श्लोक समजावा तसें. परंतु वयाचा हिशेब चुकत नाहीं. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढें तपासणी करून पांच पांच वर्षांनीं ती वाढवून घ्यावी लागते आणि महाराष्ट्रांत वर पर्यावरण कर. म्हणजे २०११ च्या गाडीची मुदत २०२६ सालींच भरते. या पिढीच्या एंजिनांत टायमिंगची साखळी असते. तिला ताण देणारा टेन्शनर झिजण्याची तक्रार देशोदेशीं नोंदलेली आहे. साखळी दांत्यावरून घसरली तर झडपा पिस्टनवर आपटतात आणि एंजिनच हातचें जातें. म्हणून असली गाडी दुपारीं तापलेली पाहूं नये. सकाळीं थंड असतां आपल्यासमोर सुरू करवावी आणि पहिले दोनतीन क्षण कान देऊन ऐकावें. खुळखुळ ऐकूं आली तर उठून यावें. शिवाय आतां पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळतें. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे भाग त्यास जुळणारे बनवितात. या दोन्ही त्याआधींच्या, आणि चौदापंधरा वर्षांच्या रबरी नळ्यांची काळजी अर्थातच अधिक.

तिसऱ्या पिढीचें बळ मोठें : दोन लिटर, २३० अश्वशक्ति, उभ्या जागेवरून ताशीं १०० किलोमीटरचा वेग ६.८ सेकंदांत. आमच्या समृद्धि महामार्गावर मर्यादा १२० ची. ती लॉराहि सहज गांठते. मग एवढी शक्ति कशास, हा वडिलांचा प्रश्न मला रास्त वाटला. मुलापाशीं त्याचें उत्तर नव्हतें आणि त्यानें तें बनवूनहि सांगितलें नाहीं, हें मला आवडलें. या गाडीचे गियर आपोआप पडतात. आंत क्लच दोन : एकाकडे पहिला, तिसरा, पांचवा हे विषम गियर, दुसऱ्याकडे सम; एक काम करीत असतां दुसरा पुढला गियर जुळवून तयार बसतो. युक्ति विलक्षण, परंतु दर ६०,००० किलोमीटरला त्या पेटींतील तेल व गाळणी बदललीच पाहिजे. पेटी बिघडली तर समुद्रपूर-हिंगणघाटचा कारागीर तिला हात लावणार नाहीं, आणि नागपूरचें बिल बापाला दाखवितां येणार नाहीं.

बैल घेतांना आमच्या वर्धेकडचा माणूस तोंड उघडून दांत पाहतो. खालचे आठ दांत पुरे झाले कीं बैल वयांत आला. (पुन्हां अष्टमीच !) मोटारीचे दांत म्हणजे मीटरवरचा किलोमीटरचा आंकडा, पण बैलाला खोटे दांत बसवितां येत नाहींत, मीटरला येतात. मीं स्वतः एकदां ४०,००० चा आंकडा पाहून एक जुनी गाडी घेतली. ब्रेकच्या पेडलचें रबर गुळगुळीत झालेलें मला घरीं आल्यावर दिसलें. गिरडच्या टेकडीवर शेख फरीदांचा दर्गा आहे. तेथले वाटोळे दगड म्हणजे त्यांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा शापानें दगड झालेला माल, अशी लोककथा आहे. जुन्या मोटारींच्या व्यापाऱ्यांस असा शाप अद्याप कोणी दिलेला नाहीं, तेव्हां कागदच पाहावे. चॅसिस नंबरावरून अधिकृत कार्यशाळेंतील नोंदी काढवून प्रत्येक वेळचे किलोमीटर ताडून पाहावे. नोंदणीपुस्तकावर कर्जाचा बोजा असेल तर तो आधीं उतरवून घ्यावा. फॉर्म २९ व ३० वर विक्रेत्याच्या सह्या झाल्याखेरीज पैसे देऊं नयेत. परप्रांतींची गाडी स्वस्त दिसते, पण तिला ना-हरकत दाखला लागतो आणि येथला कर पुन्हां भरावा लागतो.

आतां निर्णय. ‘मालविकाग्निमित्रा’च्या प्रस्तावनेंत जुन्याच्या कैवाऱ्यांस सूत्रधार जें उत्तर देतो तें वर्गांत शिकवितांना मला नेहमीं पटत असे, माझ्या स्वतःच्या आवडीला तें लावण्याची पाळी आली तेव्हां जड गेलें. लॉरा मला आवडली होती. पण गाडी मी चालविणार नव्हतों. शनिवारीं रात्रीं, ट्रकांच्या दिव्यांतून, सव्वीस वर्षांचा मुलगा चालविणार होता. युरोपांतील आघात-परीक्षेंत दुसऱ्या पिढीस चार तारे मिळाले होते. तिसरीस २०१३ सालीं, अधिक कडक झालेल्या परीक्षेंत, पांच. मीं सांगितलें, “पुण्याची घे. मात्र गियरपेटीच्या तेलाची नोंद दाखविली तरच. नसेल तर यंदा कोणतीच नको.” वडील कांहीं बोलले नाहींत.

नोंद निघाली. तेल ५८,००० वर बदललेलें होतें, आणि पेडलचें रबर मीटरशीं जुळत होतें. दिवाळीपूर्वीं गाडी गांवांत आली. आमच्या आळींतील खड्ड्यांतून ती अजूनहि तिरपी, हळूहळू येते. परवां वडिलांना तिच्यांतून सेवाग्रामच्या दवाखान्यांत नेऊन आणलें. कशी वाटली म्हणून मीं विचारलें, तर म्हणाले, “वेगाचं मले काय समजते, मास्तर. पण पोरानं माह्या पट्टा लावल्याबिगर गाडी सुरूच नाही केली.”