वाद्ये एकमेकांशी काय बोलतात?

शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा एखाद्या वाद्यवृंदात इलेक्ट्रॉनिक की-बोर्ड तुम्ही पाहिलाच असेल. संधी मिळाली तर त्याची मागची बाजू पाहा. पुष्कळ की-बोर्डांवर तेथे अर्धवर्तुळात पाच छिद्रे असलेल्या गोल खोबणी दिसतात व शेजारी ‘मिडी इन’, ‘मिडी आउट’ असे लिहिलेले असते. (लहान की-बोर्डांवर हल्ली त्यांच्या जागी यूएसबीची खोबण असते, पण तिच्यातून चालणारी भाषा तीच.) एकाच्या ‘आउट’मधून दुसऱ्याच्या ‘इन’मध्ये तार जोडली, की पहिल्यावर बोट ठेवताच दुसराही वाजू लागतो. या तारेतून काय जाते?

वर्गात हा प्रश्न विचारला तर बहुतेक जण ‘आवाज’ असे उत्तर देतात. ते चूक आहे. तारेतून जातात त्या केवळ सूचना: अमुक पट्टी दाबली, इतक्या वेगाने दाबली, आता सोडली. आवाज काढणे हे दुसऱ्या वाद्याचे काम. म्हणून पहिला पियानोसारखा वाजत असताना दुसरा त्याच सूचनांवर खुशाल बासरीचा आवाज काढील.

पूर्वी असे नव्हते. जुन्या सिंथेसायझरांत स्वराची उंची व्होल्टतेने ठरे. काही वाद्यांत एक व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक चढे; काहींत मात्र सप्तक चढण्यासाठी व्होल्टता दुप्पट करावी लागे. अशी दोन वाद्ये जोडली तर सूर जुळणार कसे? अमेरिकेतील सिक्वेन्शियल सर्किट्स या कंपनीचे डेव्ह स्मिथ यांनी १९८१ साली सर्व वाद्यांसाठी एकच अंकीय जोडणी असावी असे सुचवले. जपानच्या रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी हेही त्याच विचाराचे होते. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील एका प्रदर्शनात सिक्वेन्शियलचे प्रॉफेट-६०० आणि रोलँडचे जुपिटर-६ ही दोन स्पर्धक कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडून वाजवून दाखवण्यात आली. या पद्धतीचे नाव म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस, म्हणजेच मिडी. ती वापरणाऱ्यांकडून मोबदला मागायचा नाही, असे ठरले. माझ्या मते ती टिकली याचे निम्मे श्रेय तरी या निर्णयाला द्यावे लागेल.

आता सूचनेचे पोट उघडून पाहू. पट्टी दाबल्याची सूचना तीन बाइटांची असते. पहिला बाइट समजा १००१०००० असा आहे. सुरुवातीचा १ सांगतो की हा हुकूम आहे. पुढचे ००१ म्हणजे ‘स्वर सुरू करा’. शेवटचे चार अंक चॅनेल सांगतात. चार द्विमान अंकांत १६ संख्या मावतात, म्हणून एका तारेवर १६ चॅनेल. उरलेल्या दोन बाइटांचा पहिला अंक नेहमी ० असतो, म्हणजे हुकूम आणि माहिती यांत गोंधळ होत नाही. मागे सात अंक राहतात. २ चा सातवा घात १२८. त्यामुळे पट्ट्यांना ० ते १२७ असे क्रमांक दिलेले आहेत. पेटीवाले जिला पांढरी एक म्हणतात, तिच्यापैकी मधलीचा क्रमांक ६०. त्याच सप्तकातली पांढरी सहा ६९, आणि तिची कंपने सेकंदाला ४४०. प्रत्येक क्रमांकाला कंपनसंख्या २ च्या बाराव्या मुळाने गुणली जाते. ६० ची कंपने किती, हे तुम्हीच काढा. (उत्तर सुमारे २६१.६ यावे.)

तिसरा बाइट दाबण्याचा जोर सांगतो असे म्हणतात, पण खरे तर की-बोर्ड जोर मोजतच नाही. पट्टीखाली दोन स्पर्शबिंदू असतात. पहिला जुळल्यापासून दुसरा जुळेपर्यंतचा वेळ मोजला जातो. वेळ कमी तर वेग जास्त, आणि आवाज मोठा.

हे अंक एकामागून एक, सेकंदाला ३१,२५० या गतीने जातात. हा आकडा विचित्र वाटतो ना? १० लक्ष स्पंद देणारे घड्याळ घेऊन त्याची गती पाच वेळा निम्मी करा, म्हणजे तो मिळेल. प्रत्येक बाइटच्या पुढेमागे एकेक खुणेचा अंक असल्याने एका बाइटला दहा अंकांचा, म्हणजे ०.३२ मिलिसेकंद वेळ लागतो. एका स्वराला जवळजवळ १ मिलिसेकंद. दहा बोटांनी दहा पट्ट्या एकदम दाबल्या तर शेवटचा स्वर पहिल्याच्या मागे सुमारे ८.६ मिलिसेकंदांनी पोचेल. एवढ्या वेळात ध्वनी हवेतून ३ मीटर जातो. म्हणजे एक वादक तुमच्यापासून ३ मीटर लांब उभा असल्यासारखेच हे झाले.

भौतिकशास्त्राच्या दृष्टीने मला सर्वांत आवडणारा भाग मात्र ‘इन’च्या खोबणीमागे लपलेला आहे. तारेतून आलेला सुमारे ५ मिलिअँपिअर प्रवाह तेथे एक छोटा प्रकाश देणारा डायोड पेटवतो. समोर प्रकाशाला संवेदनशील असा ट्रान्झिस्टर असतो. अंक ० असला की प्रवाह वाहतो, दिवा लागतो. अंक १ असला की तो विझतो. ट्रान्झिस्टर ही उघडझाप वाचतो. म्हणजे दोन वाद्यांच्या अंतर्गत मंडलांमध्ये विजेचा थेट संबंध राहत नाही, मध्ये प्रकाशाची फट असते. तारेचे जाळीचे आवरणसुद्धा पाठवणाऱ्या बाजूलाच भूमीशी जोडतात. ही काळजी घेतली नाही, तर दोन वाद्यांच्या भूमी-तारांचे वेटोळे तयार होऊन घरच्या विजेची ५० हर्ट्झची घरघर कर्ण्यातून ऐकू येऊ शकते.

या भाषेला उणिवाही आहेत. पट्टी दाबलेली असताना तार निसटली, तर ‘सोडली’ ही सूचना पोचतच नाही आणि दुसऱ्या वाद्याचा स्वर चालूच राहू शकतो. आपल्या संगीताला जाणवणारी अडचण निराळीच. स्वर वाकवण्याच्या सूचनेत १६,३८४ पायऱ्या असतात, त्यामुळे मींड गुळगुळीत निघते. पण ती सूचना पूर्ण चॅनेलला लागू होते. त्याच चॅनेलवर षड्ज धरून ठेवला आणि गंधारावरून मध्यमावर मींड घेतली, तर षड्जही बरोबर वर सरकतो. २०२० साली आलेल्या मिडी २.० मध्ये प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे वाकवण्याची सोय आहे. जुन्या वाद्यांवर षड्ज एका चॅनेलवर आणि मींड दुसऱ्यावर ठेवावी.