वडिलांची सही, वडिलांची सोबत

प्रवेशाच्या दिवशी निवासी शाळेच्या कचेरीत बहुधा वडीलच येतात. पेटी, सतरंजी, ताट-तांब्या खाली ठेवतात, अर्जावर सही करतात किंवा अंगठा उमटवतात, मुलाच्या डोक्यावरून हात फिरवतात आणि एसटीची वेळ झाली म्हणून निघतात. त्यानंतर भेटीच्या रविवारी डबा घेऊन येते ती आई, आजी, क्वचित मोठी बहीण. वडिलांची पुढची गाठ निकालाच्या दिवशी, तीही कधी कधी शाळा सोडल्याचा दाखला नेण्यापुरतीच. बापाने कमवावे, आईने वाढवावे आणि शिक्षकाने घडवावे, ही वाटणी आम्हीही वर्षानुवर्षे मुकाट्याने मान्य केली. त्यात आमची चूक झाली, हे येथे मांडावयाचे आहे.

सुभेदार रामजी सकपाळ यांची थोरवी आम्ही दर एप्रिलमध्ये विद्यार्थ्यांना आणि पालकांना सांगत आलो. मुंबईत परळच्या चाळीतील एका खोलीचा संसार. त्या दाटीत भीमाला लवकर निजवून पहाटे दोन वाजता अभ्यासाला उठविणारे वडील. पुस्तकाला पैसे नसले की विवाहित मुलीकडून दागिना मागून आणून तो गहाण टाकणारे वडील. सारे खरे आहे. परंतु काही वर्षांपूर्वी जयंतीच्या कार्यक्रमानंतर एक ऊसतोड कामगार पालक आम्हांला म्हणाले, "सर, ते सुभेदार होते. मला पोरीच्या वहीत काय लिव्हलंय ते बी कळत न्हाई. मी बसून काय करू?" आमच्याजवळ तयार उत्तर नव्हते.

ते शोधताना रामजींच्या चरित्राकडे पुन्हा पाहावे लागले. रामजी शिकले ते पलटणीमुळे. पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि पुढे ते लष्करी शाळेचे मुख्याध्यापक झाले. मुंबईत मुलासाठी पहाटे जागता आले, कारण पाठीशी पेन्शन होती, तुटपुंजी का होईना. कॉलेजचा खर्च झेपेनासा झाला तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांच्या खटपटीने सयाजीराव गायकवाड महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली. तळमळ रामजींची होती. तिला टेकू देणारे हात अनेक होते. आम्ही मात्र तळमळ तेवढी सांगितली आणि टेकू सांगायचे विसरलो. ऐकणाऱ्या बापाच्या वाट्याला त्यामुळे प्रेरणेपेक्षा अपराधीपणाच अधिक आला.

आणखी एक प्रसंग आपल्या पालकांच्या फार जवळचा आहे. 1901 साली रामजी मुलांपासून दूर, खटाव तालुक्यात रोखपालाच्या नोकरीवर होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून तेथे तलाव खोदला जात होता. मुले साताऱ्यास आत्याजवळ. आई निवर्तलेली. वडिलांना भेटायला निघालेली ती मुले मसूर स्थानकावर उतरली, तेव्हा त्यांना न्यायला कोणीही आले नव्हते. जात कळताच गाडीवान गाडी हाकायला तयार होईनात. दुप्पट भाडे कबूल करून मुलांना गाडी स्वतः हाकावी लागली आणि रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. बाबासाहेबांनी हा अनुभव स्वतः लिहून ठेवला आहे. अस्पृश्यतेचा दाहक पुरावा म्हणून आपण तो सांगतो आणि ते योग्यच आहे. पण त्यातील एक लहान तपशील सहसा नजरेआड होतो. मुलांनी आपण येत असल्याचे पत्र आधी पाठविले होते. नोकराने ते रामजींच्या हाती दिलेच नाही. एवढा दक्ष बापही केवळ निरोप न पोहोचल्याने मुलांच्या संकटाच्या वेळी गैरहजर राहिला. आज आपल्या किती वडिलांपर्यंत शाळेचा निरोप पोहोचतो?

वडिलांच्या सहीबद्दलही थोडे. राहुलाला प्रव्रज्या दिल्यावर वृद्ध शुद्धोदन तथागतांकडे आले, अशी कथा विनयपिटकाच्या महावग्गात आहे. सिद्धार्थ गेला, नंद गेला, आता नातूही गेला, हे दुःख त्यांनी मोकळेपणी बोलून दाखविले आणि यापुढे आईवडिलांच्या संमतीवाचून कोणा मुलाला संघात घेऊ नये, अशी विनंती केली. तथागतांनी तसा नियम केला. मुलाला दुसऱ्याच्या हाती सोपविताना पालकांची संमती घ्यावी, हा नियम आपल्या परंपरेत एका बापाच्या वेदनेतून आला आहे. आमच्या कचेरीत मात्र ती सही मुलाच्या पोचपावतीसारखी फायलीत लावली जात होती.

मग आम्ही काय केले? पालकसभा आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी अकरा वाजता असे. मजुरी बुडवून कोण येणार? ती रविवारी घेऊ लागलो. घरी निरोप आईच्या नंबरावर जाई. आता नोंदवहीत दोघांचे नंबर आहेत आणि मुलाने बक्षीस मिळवले तरी वडिलांना फोन जातो. पूर्वी फोन गेला की बाप धास्तावत, कारण तो तक्रारीचाच असे. एका गवंडी पालकांना सातवीच्या वर्गात बोलावले. भिंतीचा काटकोन साधण्यासाठी तीन, चार आणि पाच फुटांची मापे दोरीने कशी धरतात, ते त्यांनी अंगणात दाखविले. तोच सिद्धांत आम्ही फळ्यावर रंगवून थकलो होतो. त्यांचा मुलगा त्या दिवशी पहिल्या रांगेत बसला होता.

याला दुसरी बाजूही आहे. भेटीच्या दिवशी पिऊन येणाऱ्या वडिलांना गृहपालांनी फाटकावरूनच परत पाठविले आहे, आणि पाठवतील. घरात हात उगारणाऱ्याला वडीलपणाच्या नावाखाली मोकळीक देणे नाही. अशा घरातील आईचे म्हणणे आधी ऐकले जाते. परंतु न येणाऱ्या बहुसंख्य वडिलांना व्यसनाने अडविलेले नाही. त्यांना अडवितो तो शाळेचा उंबरठा. त्यांच्या लहानपणी तिथे छडी होती, अपमान होता, मधेच सुटलेली इयत्ता होती.

तो प्रश्न विचारणारे पालक दिवाळीच्या सुमारास पत्नीसह कारखान्याच्या फडावर जातात. एका कोयत्यात नवराबायको दोघेही मोजले जातात, म्हणून मुलीला भेटायला आजी येते. हंगामात त्यांना एकच सांगितले: वही तपासायची नाही, फक्त ऐकायचे. रविवारी संध्याकाळी गृहपालांच्या फोनवर मुलगी त्यांना आठवड्यातला एक धडा वाचून दाखविते. सुरुवातीला पलीकडून नुसते "हं, हं" येई. अलीकडे ते मधेच थांबवून शब्दाचा अर्थ विचारतात. मागच्या हंगामात एका रविवारी वसतिगृहात दिवे गेले आणि फोन झाला नाही. सोमवारी पहाटे, फडावर निघण्यापूर्वी, त्यांचाच फोन आला. काल राहिलेला धडा कोणता होता, एवढेच त्यांना हवे होते.