चाक फिरतं, गाडी हलत नाही

रोबोगाडी अडली की संशयाची सुई आधी प्रोग्रॅमकडे वळते. तो बिचारा बहुतेक वेळा निर्दोष असतो. मोटर सुरू होताना एकदम जास्त करंट ओढते, बॅटरीचं व्होल्टेज घसरतं आणि कंट्रोलर बोर्ड रीसेट होतो. गाडी हिसका देऊन गप्प. कधी चाकाचा स्क्रू ढिला होतो. मग मोटरचा दांडा फिरतो, चाक मात्र ढिम्म. मल्टिमीटर आणि पेचकस हाताशी असले तर हे लवकर सापडतं.

पण २०२३च्या ऑगस्टमध्ये बंगळुरूच्या इंजिनिअरांची गाडी पावणेचार लाख किलोमीटर दूर, चंद्रावर होती.

चांद्रयान-३चा २६ किलोंचा, सहा चाकांचा रोव्हर ‘प्रज्ञान’ सेकंदाला जेमतेम एक सेंटिमीटर सरकायचा. त्याचा बिघाड चंद्रावर दुरुस्त होणार नव्हता, म्हणून तो आधी पृथ्वीवरच शोधायचा होता. त्यासाठी इस्रोने बंगळुरूत नकली चंद्रभूमी तयार केली. माती चंद्राच्या मातीशी जुळणाऱ्या अनॉर्थोसाइट खडकाची, तमिळनाडूतून आणलेली. पण मातीने अर्धंच काम भागतं. चंद्रावर वजन एक षष्ठांश भरतं, त्यामुळे चाकाची पकडही कमी होते. इथे दिमाखात चालणारी गाडी तिथे घसरू शकते. चांद्रयान-२च्या तयारीत यावर साधा उपाय निघाला: हेलियमचा फुगा बांधून रोव्हरचा भार हलका करायचा!

घसरणं हा दुखण्यांतला लबाड प्रकार. एन्कोडर चाकाचे फेरे मोजतो, कापलेलं अंतर नाही. २००५मध्ये मंगळावर नासाच्या ‘ऑपॉर्च्युनिटी’ रोव्हरची चाकं अशीच फिरत राहिली आणि वाळूत रुतली. सुटकेला पाच आठवड्यांहून जास्त लागले. म्हणून कॅमेऱ्याची साक्ष हवीच. ‘प्रज्ञान’चे फोटो बंगळुरूला यायचे, त्यांवरून जमिनीचा चढउतार मांडला जायचा आणि मगच पुढच्या काही मीटरांचा आदेश सुटायचा. २७ ऑगस्टला तीन मीटरवर चार मीटर रुंदीचं विवर दिसलं आणि गाडी सरळ मागे फिरवली गेली.

चाक कायमचंच बसलं तर? मंगळावरच्याच ‘स्पिरिट’ रोव्हरचं पुढचं उजवं चाक २००६मध्ये निकामी झालं. नासाच्या इंजिनिअरांनी गाडी उलटी चालवली, मेलेलं चाक मागून फरफटू दिलं. त्याने उकरलेल्या चरात २००७मध्ये जवळजवळ शुद्ध सिलिका सापडली. मंगळावर कधीकाळी पाणी होतं, याचा तो भक्कम पुरावा ठरला. धड चाकाने ती माती बहुधा उकरलीच नसती.