साउंड कोण बघणार?

गॅदरिंगच्या मीटिंगमध्ये एक काम कुणीच मागून घेत नाही. डान्सला गर्दी, अँकरिंगला भांडणं, साउंड मात्र ‘दादा येऊन बघेल’ या भरवशावर. दादा येतो, स्पीकर उतरवतो, मिक्सर टेबलावर ठेवतो आणि दुसऱ्या ऑर्डरला पळतो. उरता तुम्ही आणि वायरींचा गुंता. मग महिनाभर तालीम केलेली एफवायची मुलगी पहिली ओळ म्हणते आणि हॉलला ऐकू येते फक्त शिट्टी. तिला ती एंट्री परत मिळत नाही. त्यामुळे साउंड कुणीतरी आधीच शिकून ठेवायला हवं, आणि ते एका दुपारी जमतं.

मिक्सरवरची बटणं बघून घाबरू नका. एकच उभी रांग पुन्हा पुन्हा छापलेली असते: वर गेन, मध्ये ट्रेबल-बेस, खाली फेडर. एक रांग कळली की सगळ्या कळल्या. प्रत्येकीखाली कागदी चिकटपट्टी लावून ‘अँकर’, ‘लॅपटॉप’ असं लिहून टाका. ऐन वेळी कुणाला आठवत नाही.

जोडणी करताना अ‍ॅम्प बंद आणि सगळे फेडर खाली. माइक तीन पिनांच्या एक्सएलआर वायरीने जोडा. तिच्यातल्या दोन तारांमधून एकच आवाज सुलट-उलट जातो, त्यामुळे वाटेत घुसलेली खरखर मिक्सरमध्ये पोचल्यावर कटते. स्टेजपासून हॉलच्या मागच्या टोकापर्यंत वायर नेता येते ती यामुळेच. लॅपटॉपच्या साध्या वायरीला ही सोय नाही. तो मिक्सरशेजारीच ठेवा आणि लाइन इनपुटला लावा, माइकच्या नाही. स्टेजवरच हवा असेल तर दादाकडे डीआय बॉक्स मागा. मिक्सरचं मेन आउट अ‍ॅम्पकडे जातं. चालू करताना मिक्सर आधी, अ‍ॅम्प शेवटी. बंद करताना अ‍ॅम्प आधी. उलटं केलंत तर मिक्सरचा ‘धप्प’ थेट स्पीकरच्या छातीत बसतो.

आता गेन. सगळा खेळ इथेच आहे, आणि घाईही सगळे इथेच करतात. ‘हॅलो, माइक टेस्टिंग’ असं पुटपुटून गेन लावू नका. जो गाणार आहे त्यालाच उभं करा आणि कार्यक्रमात गाईल तितक्याच जोरात गायला लावा. चॅनेलवर पीएफएल बटण असेल तर ते दाबून मीटर बघा. शून्याच्या आसपास खेळतोय, लाल दिवा लागत नाही, एवढा गेन ठेवा. मग फेडर हळूहळू वर. गेन जास्त झाला तर आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज फेडर खाली आणून शिवला जात नाही. गेन कमी ठेवून फेडर टोकाला नेला तर सूं-सूं वाढते.

शिट्टीचं कारण साधं आहे. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, तिथून पुन्हा स्पीकरमध्ये, असं चक्र सुरू होतं. स्पीकर माइकच्या पुढे ठेवा, माइक तोंडाजवळ धरायला सांगा, वापरात नसलेले माइक म्युट करा. आणि रॅपर मंडळी, माइकची जाळी मुठीत पकडणं स्टायलिश दिसतं, पण शिट्टीला तेच आमंत्रण आहे.

‘हम्म’ असा सलग आवाज आला तर मिक्सर, अ‍ॅम्प आणि लॅपटॉपचा चार्जर एकाच बोर्डवर आणून बघा. अर्थिंगची पिन काढून टाक म्हणणारा एखादा सीनियर हमखास भेटतो. त्याचं अजिबात ऐकू नका. हम्म कदाचित जाईल, पण कुठे बिघाड झाला तर करंट माइकच्या जाळीपर्यंत येऊ शकतो आणि गाणाऱ्याचे ओठ तिथेच टेकलेले असतात.

वेळेचंही बघा. उघड्या मैदानावर कार्यक्रम असेल तर रात्री १० नंतर लाउडस्पीकर चालत नाही, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमध्येच ते आहे. साउंडचेक दुपारीच उरकून घ्या. आवरताना वायरी कोपराला गुंडाळू नका, आत पीळ पडून तुटतात. सैल वेटोळी करा आणि मोजून ठेवा. दादा रात्री परत येतो तेव्हा आधी वायरीच मोजतो.