सिल्कीचे पिल्लू : नर की मादी?

आमची धाकटी बहीण कामठीला राहते. विड्या वळून घर चालवते. दोन वर्षांपूर्वी तिने साठवलेल्या पैशांतून सिल्की जातीची सहा पिल्ले आणली. विकणाऱ्याने सांगितले, 'चार माद्या, दोन नर, गॅरंटी!' आणि या गॅरंटीपायी नेहमीच्या भावाच्या दीडपट पैसे घेतले. पिल्ले तेव्हा आठ-दहा दिवसांची होती.

बहिणीचा हिशेब चुकीचा नव्हता. सिल्की कोंबडी अंड्यांसाठी कोणी पाळत नाही. वर्षाकाठी शंभराच्या आसपास अंडी, तीही लहान. पण ती खुडूक बसण्यात पटाईत. तिच्याखाली गावठी कोंबडीची अंडी ठेवली तरी एकवीस दिवस जागची हलत नाही. शिवाय शौकीन माणसे सिल्की विकत घेतात, पण घेतात ती जोडी. एकट्या नराला गिऱ्हाईक मिळत नाही. म्हणजे नर कोणता, मादी कोणती हे न कळले तर सगळा धंदाच बसला.

ज्यांनी ही कोंबडी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ही मूळची चीनकडची. अंगावर पिसे नसून केस आहेत असे वाटते, हात फिरवला तर मांजरीच्या अंगावरून फिरवल्यासारखा. मार्को पोलो याने तेराव्या शतकातील आपल्या प्रवासवर्णनात अशा केसाळ कोंबड्यांचा उल्लेख केला आहे. केस पांढरेशुभ्र असले तरी आतली कातडी, मांस आणि हाडे काळी. आपल्याकडे झाबुआचा कडकनाथ असाच आतून काळा असतो. पण कडकनाथाची पिसे साध्या कोंबडीसारखी आणि पायाला बोटे चार. सिल्कीला बोटे पाच.

पिल्ले सात आठवड्यांची झाली तेव्हा आम्ही बहिणीकडे गेलो होतो. ती म्हणाली, "दादा, तू शिकलेला, तूच सांग यातला कोंबडा कोणता." आम्ही बी. कॉम. झालेले कारकून. लहानपणी गावी कोंबड्या पाहिलेल्या, एवढेच ज्ञान. तरी बहिणीसमोर 'माहीत नाही' म्हणायला जीभ वळली नाही. दोन पिल्ले सारखी छाती काढून इतरांच्या अंगावर जात होती. आम्ही बोट दाखवून सांगितले, हे दोन नर. दाण्याचा खर्च नको म्हणून बहिणीने त्यातले एक ओळखीच्या बाईला पडेल त्या भावात देऊन टाकले.

पाचव्या महिन्यात एका पहाटे बहिणीच्या खुराड्यातून आरवणे ऐकू आले. आरवत होती ती आम्ही 'मादी' ठरवलेली, सगळ्यांत गरीब दिसणारी. पुढच्या पंधरवड्यात आणखी एक आरवू लागली. शेजारी भांडायला आले. आणि दोन-अडीच महिन्यांनी त्या ओळखीच्या बाईचा निरोप आला, 'तुमचा कोंबडा अंडी घालतो.' बहीण आम्हाला काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

त्यानंतर आम्ही या विषयात डोके घातले. पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांना भेटलो, जुन्या पाळणाऱ्यांना विचारले, मिळेल ते वाचले. त्यातून कळले की आमच्या अज्ञानाबरोबर सिल्कीची घडणही याला कारण होती.

गावठी कोंबडीत पाच-सहा आठवड्यांत नराचा तुरा लाल होऊ लागतो. तिसऱ्या महिन्यात त्याच्या मानेवर आणि पाठीमागे निमुळती, टोकदार, चमकदार पिसे येतात. मादीची पिसे टोकाला गोल राहतात. लहान पोरही ओळखते. सिल्कीत या दोन्ही खुणा झाकून जातात. तुऱ्याचा रंगच मुळी पिकल्या जांभळासारखा, त्यामुळे लाली दिसत नाही. पिसाच्या काड्या एकमेकींत अडकवणारे बारीक आकडे सिल्कीत नसतात. म्हणून पिसाला पातेच बनत नाही, नुसते धागे सुटे राहतात. पाते नाही तिथे टोकदार काय आणि गोल काय?

अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या मोठ्या उबवणी केंद्रांत एक दिवसाचे पिल्लू ओळखतात, हे खरे आहे. पिल्लाचे गुदद्वार हलकेच उघडून आतला बारीक उंचवटा पाहायचा, ही विद्या जपानमधील मासुई आणि हाशिमोतो या शास्त्रज्ञांनी १९२० च्या दशकात पुढे आणली. १९२७ साली कॅनडातील ओटावा येथे भरलेल्या जागतिक कुक्कुट परिषदेत ती जगापुढे मांडली गेली. पण त्यासाठी कितीतरी महिन्यांचे शिक्षण आणि हजारो पिल्लांवर बसलेला हात लागतो. न शिकता दाबादाबी केली तर पिल्लू मरते. पंखांच्या पिसांची लांबी पाहून ओळखण्याचीही रीत आहे, पण ती मुद्दाम तशी पैदास केलेल्या जातींतच चालते. बाजारात टोपलीत सिल्की घेऊन बसलेला माणूस यातले काहीच करत नाही. तो फक्त तुम्हाला ऐकायचे असते ते सांगतो.

मग पाहायचे काय? पहिले दोन महिने काहीच नाही. अंगावर जाणे, छाती काढणे यावर तर मुळीच जाऊ नये. माद्याही लहानपणी तितक्याच भांडतात, हे आम्ही पैसे घालवून शिकलो. दोन महिन्यांनंतर चोचीच्या मुळाशी पाहावे. नराचा तुरा रुंद, जाड, अक्रोडासारखा खडबडीत होऊ लागतो. मादीचा लहान, चपटा, केस बाजूला केल्याशिवाय न दिसणारा. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात डोक्यावरचा झुबका बोलू लागतो. मादीचा झुबका कापसाच्या बोंडासारखा गोल राहतो. नराच्या झुबक्यातून काही लांब बटा मागे निघतात, वाऱ्यात केस मागे गेल्यासारख्या. नराचे पाय जाड, उभे राहणे ताठ. एकच खूण धरून निकाल देऊ नये, दोन-तीन जुळल्या तर अंदाज बांधावा. त्यातही काही वाणांत नराचा तुरा उशिरा वाढतो. आरवणे ही जवळजवळ पक्की खूण. क्वचित एखादी दांडगी मादीही आरवल्यासारखा आवाज काढते. अंडे ही मात्र शेवटची साक्ष, पण सिल्की पहिले अंडे सातव्या-आठव्या महिन्यात देते, कधी त्याहूनही उशिरा. पोपटासारख्या महाग पक्ष्यांचे पीस पाठवून डीएनए तपासणी करून घेतात, तशी हिचीही होऊ शकते, पण विडीकामगार बाईला ती परवडणार कशी?

वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी आम्हाला सोपे उपाय सांगितले. टोकदार अंड्यातून नर निघतो, गोल अंड्यातून मादी. अंड्यावर दोऱ्याने अंगठी धरावी, गोल फिरली तर मादी. अंड्याचा आकार कोंबडीच्या पोटातली नळी ठरवते, आणि एक कोंबडी साधारण एकाच आकाराची अंडी देते. तरी तिच्या अंड्यांतून दोन्ही निघतात. नर की मादी हे तर कवच चढण्याआधीच ठरलेले असते, आणि कोंबड्यांत ते मादीच्या बीजावरून ठरते. माणसात उलट आहे, तिथे पुरुषाच्या बीजावरून ठरते. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या एका मावशींना आम्ही हे सांगितले. त्या म्हणाल्या, "मग सून काय कोंबडी आहे का?" आम्ही म्हटले, "नाही ना, म्हणून तर सांगतो!"

कॉमर्सचे शिक्षण एका जागी मात्र कामाला आले. प्रत्येक पिल्लू नर किंवा मादी असण्याची शक्यता निम्मी-निम्मी धरली, तर दोन पिल्ले आणणाऱ्याला दोनदा आणल्यावर सरासरी एकदाच जोडी मिळेल. चार आणली तर आठांपैकी सात वेळा. सहा आणली तर बत्तिसांपैकी एकतीस वेळा निदान एक जोडी मिळतेच. तेव्हा गॅरंटीचे जादा पैसे देण्यापेक्षा त्याच पैशांत साध्या भावाची चार-दोन पिल्ले अधिक घ्यावीत. नर जास्त निघतील हे आधीच धरून त्यांच्या दाण्याची आणि पहाटेच्या शेजाऱ्यांची सोय पाहून ठेवावी.

यंदा बहिणीच्या स्वतःच्या माद्यांनी आठ पिल्ले काढली. तिने प्रत्येकाच्या पायात वेगळ्या रंगाचा दोरा सैल बांधला आहे. पाय वाढतो, म्हणून दर आठवड्याला तो सोडून पुन्हा बांधते. भाचीच्या जुन्या वहीत रंगानुसार तुरा, झुबका, पाय यांची नोंद असते. पाच महिने झाल्याशिवाय ती एकही पिल्लू विकत नाही, आणि घेणाऱ्याला वही दाखवते. मागच्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा पिल्ले साडेतीन महिन्यांची होती. हिरव्या दोऱ्याच्या तीन बटा मागे निघालेल्या. लाल आणि पिवळ्या दोऱ्याची डोकी गोल. निळ्या दोऱ्याचा तुरा रुंद, पण झुबका बोंडासारखा. बहिणीने विचारले, "दादा, हे काय असेल?"

आम्ही म्हटले, "माहीत नाही." तिने वहीत तसेच लिहून ठेवले.