भिंतीलाही टाका लागतो

मैत्रिणींनो, आमच्या लोहारा तालुक्यात भूकंपाचा विषय निघाला की 'केवढा होता?' असं कुणी विचारत नाही. 'तुमच्या घरातलं कोण गेलं?' असंच विचारतात. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशीच अनंत चतुर्दशी झालेली, गणपती बोळवून माणसं गाढ झोपलेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. शेजारच्या लातूर जिल्ह्यातलं किल्लारी आणि आमच्याकडचं सास्तूर (तेव्हा ते उमरगा तालुक्यात होतं), अशी गावंच्या गावं मातीला मिळाली. आठ ते दहा हजार माणसं गेली.

मी इथे शाळेत विज्ञान शिकवते. भूकंपाचा धडा आला की कुणीतरी मूल हमखास म्हणतं, 'बाई, आजी म्हणते देवाचा कोप झाला.' मी फळ्यावर दोन आकडे लिहिते. आपला भूकंप ६.२ चा. ऑक्टोबर १९८९ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियात झाला तो ६.९ चा, म्हणजे ऊर्जेच्या हिशेबाने दहापटीहून मोठा. तिथे ६३ माणसं गेली. तिथे संध्याकाळची वेळ होती, माणसं जागी होती, हे खरं. पण मोठा फरक होता तो घरांचा. माणसं मारली ती आपल्याच छतांनी आणि भिंतींनी.

आपलं माळवद आठवा. उन्हाळ्यात आत कसं गार वाटायचं! पण गळू नये म्हणून पावसाळ्याआधी वर नवी माती टाकायची, अशी पिढ्यान् पिढ्यांची रीत. थरावर थर चढत गेले. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोलीवर दीड फूट माती धरली, तर तिचं वजन पावणेसात टनांच्या आसपास भरतं. सिमेंटची १३५ पोती डोक्यावर ठेवून झोपल्यासारखंच की! एस.टी.ने अचानक ब्रेक मारला की आपण पुढे फेकले जातो ना? तसंच जमीन सरकली की छत जागच्या जागी राहू पाहतं. जेवढं वजन जास्त, तेवढा भिंतीला बसणारा हिसका मोठा.

आणि भिंती? दिसायला दोन-अडीच फूट जाड, जणू किल्लाच. पण आतली गोष्ट वेगळी. बाहेरून एक दगडी थर, आतून एक, आणि मधे माती-गोट्यांची भर. दोन्ही थरांना धरून ठेवणारं काहीच नाही. आपण गोधडी शिवतो तेव्हा वरचं लुगडं आणि खालचं लुगडं टाक्यांनी एकत्र बांधतो. टाके नसतील तर पहिल्याच धुण्यात चिंध्या गोळा होतात. भिंतीचंही तेच. हादऱ्याने दोन थर फुगून अलग झाले आणि कोसळले. भिंतीच्या या पदरापासून त्या पदरापर्यंत आरपार जाणारा लांब दगड हाच तिचा टाका.

हे शास्त्र पुढे गावोगाव पोचवलं ते बायकांनी, याचा मला फार अभिमान वाटतो. भूकंपानंतर शासनाने जागतिक बँकेच्या मदतीने घरांच्या दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचं काम काढलं. त्यात 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या पुढाकाराने महिला मंडळांतल्या बायका 'संवाद सहायक' झाल्या. कालपर्यंत चारचौघांत न बोलणाऱ्या बाया इंजिनिअरला प्रश्न विचारू लागल्या, गवंड्याचं काम उभं राहून बघू लागल्या. २००१ मध्ये गुजरातला भूकंप झाला, तेव्हा इथल्या काही जणी तिकडच्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या.

आज हे सगळं का सांगते? कारण १९९३ नंतर जन्मलेल्या मुली आता संसाराला लागल्या, नवी घरं बांधू लागल्या. फरशी कुठली आणि रंग कुठला, हे त्यांना विचारलं जातं. पायातलं आणि भिंतीतलं काम मात्र 'तुला काय कळतंय त्यातलं?' म्हणून पुरुषांकडेच राहतं. भूकंपाआधीच्या नकाशात किल्लारीचा परिसर सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ च्या नकाशात तो तिसऱ्या विभागात गेला. म्हणजे 'आपल्याकडे कुठला आलाय भूकंप?' हे म्हणायची सोय उरलेली नाही.

म्हणून घर बांधताना चार गोष्टी स्वतः विचारा. दगडी भिंत असेल तर उंचीत दर दोन फुटांवर आणि लांबीत दर चार फुटांवर आरपार दगड घातलाय का? दार-खिडक्यांच्या वरून, चारही भिंतींना कवेत घेणारा सळई-काँक्रीटचा अखंड पट्टा आहे का? पत्रे उडू नयेत म्हणून वर धोंडे ठेवलेत की हुकाने नीट आवळलेत? धोंडे असतील तर आधी उतरवा. आणि काँक्रीटला निदान दहा दिवस ओल राहते का? पाणी मारायचं काम तर बहुतेक आपल्याच वाट्याला येतं. आमच्यासारख्या टंचाईच्या भागात ओली पोती गुंडाळून ठेवली तर थोड्या पाण्यातही भागतं.

गवंडी कदाचित हसेल. हसू दे. गोधडी शिवणाऱ्या बाईला टाक्याची किंमत कुणी शिकवावी लागत नाही, एवढं त्याला सांगा आणि भिंत पुढे जाण्याआधी आरपार दगड मोजून घ्या.